आठवणीचें वय

इसवी सन १८३० नंतरच्या चार-पांच वर्षांत टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांच्या तोंडची एक गोष्ट इंग्रजांच्या कागदांत उतरली. गोष्ट म्हणावी तर ती दोन-तीन वाक्यांहून मोठी नाहीं. आमचे पूर्वज दूरच्या देशांतून येथें आले. ते जमिनीवरून चालत आले. समुद्र नंतर झाला. इतकेंच. तींत राजा नाहीं, राक्षस नाहीं, कोणाचा शाप नाहीं कीं उःशाप नाहीं. कथा म्हणून ती कोणाच्या लक्षांत राहावी असें तींत कांहींच नाहीं, आणि जवळजवळ दोन शतकें ती कोणाच्या लक्षांत राहिलीहि नाहीं. परंतु २०२३ सालीं ‘जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकांत डुएन हामाकर, पॅट्रिक नन, रेबी टेलर, ग्रेग लेहमन प्रभृति सात लेखकांनीं मिळून एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांत असें प्रतिपादन केलें कीं, हें दोन वाक्यांचें कथन म्हणजे घडलेल्या गोष्टीची खरी आठवण असून तिचें वय सुमारें बारा हजार वर्षें आहे.

भूगर्भशास्त्रज्ञांच्या या वादांत साहित्याच्या मासिकानें कां पडावें, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. समुद्र केव्हां आला हा प्रश्न त्यांचा. पण तोंडोतोंडीं चालत आलेलें वाक्य किती काळ टिकूं शकतें, टिकतांना त्यांतलें काय राहतें आणि काय जातें, हा प्रश्न निखळ वाङ्मयाचा आहे. आणि प्रस्तुत निबंधाचें बल ज्याप्रमाणें पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे, त्याप्रमाणें त्याचें दौर्बल्य दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे, असें मला वाटतें.

प्रथम समुद्राकडे वळूं. ऑस्ट्रेलिया खंड आणि टास्मानिया यांच्या मध्यें बासची सामुद्रधुनी आहे. ती आज सुमारें २४० किलोमीटर रुंद आहे, पण तिची सरासरी खोली अवघी ६० मीटरांच्या आसपास भरते. म्हणजे समुद्राच्या मानानें ती एक उथळ थाळीच म्हणावयाची. या थाळीला दोन कांठ आहेत. पश्चिमेकडच्या कांठावर किंग बेट उभें आहे. पूर्वेकडच्या कांठावर फ्लिंडर्स बेट आणि त्याच्या भोंवतालचा फर्नो द्वीपसमूह. एकवीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या ऐन भरांत, पृथ्वीवरचें इतकें पाणी उत्तरेकडील हिमराशींत अडकून पडलें होतें कीं समुद्राची पातळी आजच्यापेक्षां १२० मीटरांहूनहि अधिक खालीं गेली होती. त्या काळीं ही सामुद्रधुनी नव्हतीच. तेथें विस्तीर्ण, थंड, वाऱ्याचें मैदान होतें, आणि आजचीं बेटें हीं त्या मैदानांतल्या टेंकड्या होत्या. माणसें टास्मानियांत गेल्यास किमान चाळीस हजार वर्षें झालीं. तीं या मैदानावरूनच गेलीं. पुढें बर्फ वितळूं लागलें, समुद्र वर चढला, पश्चिमेकडून पाणी आधीं आंत शिरलें, आणि पूर्वेकडचा उंचवट्याचा कणा शेवटीं बुडाला. तो बुडाल्याबरोबर टास्मानिया बेट झालें.

हें ‘शेवटीं’ म्हणजे केव्हां, तें ठरविण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. बुडालेल्या भूमीवर कोणी तारीख लिहून ठेवलेली नसते. म्हणून अभ्यासक दोन निरनिराळ्या वह्या शेजारीं-शेजारीं ठेवून वाचतात. एका वहींत समुद्रतळाची खोली लिहिलेली: भूसेतूचा सर्वांत सखल भाग, म्हणजे त्याचा उंबरठा, आज किती मीटर पाण्याखालीं आहे. दुसऱ्या वहींत समुद्राच्या पातळीचा इतिहास. ही दुसरी वही प्रवाळांनीं लिहिली आहे. वेस्ट इंडीज बेटांकडे एक जातीचें प्रवाळ सांबराच्या शिंगांसारखें फांद्या फोडून वाढतें, आणि तें पृष्ठभागापासून पांच-सहा मीटरांच्या आंतच जोमानें वाढतें. समुद्र चढला कीं जुन्या प्रवाळाच्या डोक्यावर नवें प्रवाळ येतें. रिचर्ड फेअरबँक्स यांनीं बार्बाडोस बेटाजवळच्या समुद्रांत छिद्रें पाडून अशा प्रवाळांचे नमुने काढले आणि १९८९ सालीं त्यांवरून हिमयुगाच्या अखेरीपासूनचा समुद्राच्या चढणीचा आलेख मांडला. अमुक खोलीवर मेलेल्या प्रवाळाचें वय काढलें कीं त्या वेळची पातळी कळते. उंबरठ्याची खोली आणि पातळीचा आलेख जेथें एकमेकांस भेटतात, तो भूसेतु बुडाल्याचा काळ.

रीत वाचतांना जितकी सरळ वाटते तितकी ती नाहीं, आणि प्रामाणिक अभ्यासक तसें सांगतातहि. पहिली अडचण वय काढण्याचीच. पूर्वीं हें वय किरणोत्सर्गी कार्बनावरून काढीत. १९९० सालीं युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून त्याच प्रवाळांचें वय पुन्हां काढलें, तेव्हां कार्बनाचीं वर्षें खऱ्या वर्षांपेक्षां कमी भरतात असें निदर्शनास आलें. वीस हजार वर्षांच्या सुमारास हा फरक साडेतीन हजारांपर्यंत जातो, बारा हजारांच्या सुमारास दीड-दोन हजारांचा. म्हणून जुन्या पुस्तकांत या घटनेचा जो आंकडा आढळतो तो आणि आजच्या निबंधांतला आंकडा यांची तुलना करतांना दोन्ही वर्षें एकाच मापाचीं आहेत ना, हें पाहिल्यावांचून एक पाऊलहि पुढें टाकूं नये. दुसरी अडचण अशी कीं, समुद्रतळ हा कांहीं दगडी पायरीसारखा स्थिर नव्हे. वर साठ मीटर पाण्याचें ओझें आलें कीं तळ स्वतः थोडासा खचतो. शिवाय दहा-बारा हजार वर्षांच्या भरती-ओहोटीनें तेथील वाळू कोठें उपसली, कोठें साठविली. कुर्ट लांबेक यांच्यासारख्या गणितज्ञ भूशास्त्रज्ञांनीं या खचण्या-उचलण्याचें गणित मांडण्यांत आयुष्य घातलें. समुद्र त्या काळांत सरासरीनें हजार वर्षांस दहा-बारा मीटर या वेगानें चढत होता. तेव्हां उंबरठ्याच्या खोलींत पांच मीटरांची चूक झाली तर काळांत चार-पांचशें वर्षांची चूक होते. कांहीं गणितांनीं हा सेतु चौदा हजार वर्षांपूर्वीं तुटला असें निघतें. प्रस्तुत निबंधकारांच्या मोजणीनें बारा हजारांच्या सुमारास. मला दुसरा आंकडा अधिक ग्राह्य वाटतो, कारण त्यांनीं कण्याच्या अगदीं शेवटीं तग धरलेल्या रेषेचा मागोवा घेतला आहे. परंतु ‘सुमारें’ हा शब्द मात्र त्या आंकड्यापासून कोणी सोडवूं नये.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. ‘समुद्र आला’ हें आपण एका क्रियापदांत म्हणतों. पण तो असा एका दिवसांत आला नाहीं. उत्तर समुद्रांत नॉर्वेच्या किनाऱ्याखालची दरड सुमारें ८,१५० वर्षांपूर्वीं कोसळून जी प्रचंड लाट उठली, तशी कांहीं येथें उठल्याचा पुरावा नाहीं. वर सांगितलेल्या वेगानें साठ वर्षांच्या आयुष्यांत पाणी पाऊण मीटरभर चढेल. मैदानाचा उतार दोन हजार मीटरांस एक मीटर असा धरला, तर नातवाचा किनारा आजोबाच्या किनाऱ्यापासून दीड किलोमीटर आंत सरकलेला असेल. म्हणजे ज्याला आपण आठवण म्हणतों ती एका माणसाच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या प्रसंगाची आठवण असूंच शकत नाहीं. ती अनेक पिढ्यांच्या लहान-लहान तक्रारींची बेरीज आहे: येथें पूर्वीं चूल मांडीत असूं, येथून पूर्वीं पलीकडे जातां येत असे, आतां ओहोटीला जातां येतें, आतां तेंहि नाहीं. या तक्रारींचें एका वाक्यांत रूपांतर कोणीतरी नंतर केलें. तें करणारा मनुष्य माझ्या मतें त्या बेटाचा पहिला इतिहासकार होय, आणि निबंधांत त्याच्याविषयीं एखादें वाक्य असतें तर बरें झालें असतें.

आतां साक्षीची तपासणी. ही परंपरा ज्याच्या काळांत आणि मुख्यतः ज्याच्या उद्योगामुळें लिहिली गेली, तो जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन हा कांहीं तटस्थ पंडित नव्हता. गोऱ्या वसाहतवाल्यांशीं चाललेल्या झुंजींत उरलेल्या मूळ रहिवाशांना गोड बोलून एकत्र आणावें आणि बेटाबाहेर न्यावें, या कामावर सरकारनें त्याला नेमलें होतें. तो धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता, रोज टिपणें लिहीत असे, आणि ऐकलेलें सर्व त्यानें आपल्या भाषेंत आणि आपल्या समजुतीनें लिहिलें. अशा माणसाच्या टिपणांतून निघालेल्या वाक्यावर पहिला संशय असा येतो कीं, बायबलांतला जलप्रलय त्याच्या डोक्यांत होता आणि तोच त्यानें ऐकणाऱ्याच्या कानांतून काढला. मौखिक परंपरांच्या अभ्यासांत हा दोष इतका परिचित आहे कीं, त्यामुळें चांगल्या-चांगल्या पुराव्यांचें मोल शून्य झालें आहे.

परंतु येथें तो संशय टिकत नाहीं, आणि निबंधाच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा मला हाच वाटतो. नोहाचा प्रलय येतो आणि ओसरतो. टास्मानियाच्या कथनांतला समुद्र येतो आणि राहतो. नोहाच्या कथेंत जमीन शेवटीं परत मिळते. येथें ती कायमची जाते. शिवाय १८३१ सालच्या कोणाहि इंग्रजाला, तो कितीहि विद्वान् असो, समुद्राची पातळी एके काळीं शंभरावर मीटर खालीं होती हें ठाऊक असणें शक्यच नव्हतें. हिमयुगाची कल्पना आगासीझ यांनीं १८३७ मध्यें जाहीरपणें मांडली. आणि हिमराशींत पाणी अडकल्यानें समुद्र खालीं गेला असला पाहिजे, हें अनुमान चार्ल्स मॅक्लॅरेन यांनीं त्यानंतर चार-पांच वर्षांनीं प्रथम काढलें. जें विचारणाऱ्यालाच माहीत नव्हतें, तें तो सांगणाऱ्याच्या तोंडीं घालणार कसें? न्यायालयांत असल्या साक्षीला मोठा मान असतो.

मात्र दुसरा एक संशय आहे, आणि तो इतक्या सहजीं दूर होत नाहीं. आठवण आणि अनुमान यांचें रूप बाहेरून सारखेंच दिसतें. टास्मानियाच्या ईशान्य टोंकावर उभें राहिलें म्हणजे समुद्रांत बेटांमागून बेटें दिसतात. तीं पाहून एखाद्या बुद्धिमान् म्हाताऱ्यानें ‘हीं पूर्वीं जोडलेलीं असलीं पाहिजेत’ असें म्हटलें असेल, आणि तें पुढें ‘हीं जोडलेलीं होतीं’ असें सांगितलें गेलें असेल. युरोपियनांनीं तर याच्या उलट चूक केली: जॉर्ज बास आणि मॅथ्यू फ्लिंडर्स यांनीं १७९८-९९ मध्यें बेटाला जहाजानें फेरी घालीपर्यंत ते टास्मानियाला खंडाचाच भाग समजत होते, म्हणजे बारा हजार वर्षांपूर्वींचा नकाशा घेऊन ते फिरत होते! एकानें पाणी न पाहतां जमीन धरली. दुसऱ्यानें पाणी पाहूनहि जमीन सांगितली. यांतला दुसरा केवळ तर्कानें बोलत होता कीं स्मृतीनें, हें त्या वाक्यावरून ठरवितां येत नाहीं.

ही उणीव निबंधकारांना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनीं एक दुसरा साक्षीदार आणला आहे. तो आकाशांतला आहे, आणि आपल्या वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. टास्मानियाच्या परंपरेंत दक्षिणेच्या एका महान् ताऱ्याचा उल्लेख येतो. तो ध्रुवापाशीं असल्यासारखा वर्णिलेला आहे. निबंधकारांच्या मतें तो म्हणजे आपला अगस्त्य. आज अगस्त्य दक्षिण ध्रुवबिंदूपासून सुमारें ३७ अंश दूर आहे. पण संपातचलनामुळें ध्रुवबिंदु सुमारें २५,८०० वर्षांत कदंबाभोंवतीं एक फेरी करतो, आणि अगस्त्य दक्षिण कदंबापासून अवघा १४ अंश असल्यामुळें त्या फेरींत एकदां ध्रुव त्याच्या बराच जवळ येतो. तो काळ चौदा हजार वर्षांपूर्वींचा. तेव्हां तो ध्रुवापासून सुमारें दहा अंशांवर होता. भूसेतु बुडाला त्याच युगांत अगस्त्य ध्रुवाजवळ होता. दोन स्वतंत्र घड्याळें एकच वेळ दाखवितात. म्हणून वेळ खरी. असा हा युक्तिवाद आहे.

तो ऐकून प्रथम मलाहि आनंद झाला. ज्या ताऱ्याच्या नांवाच्या ऋषीनें आपल्या पुराणांत समुद्र पिऊन टाकला, तोच तारा पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला समुद्र आल्याची साक्ष देत उभा असावा, ही कल्पना कोणालाहि मोह पाडील. पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मोह उतरला. अगस्त्य ध्रुवापासून पंधरा अंशांच्या आंत होता तो काळ मोजला तर तो सुमारें साडेसोळा हजार वर्षांपूर्वींपासून साडेअकरा हजार वर्षांपूर्वींपर्यंत पसरतो. म्हणजे हें घड्याळ पांच हजार वर्षांच्या कांट्याचें आहे. असल्या घड्याळाचा दुसऱ्या घड्याळाशीं मेळ बसला, यांत आश्चर्य तें काय? शिवाय टास्मानियाच्या अक्षांशावर अगस्त्य आजहि मावळत नाहीं. तो क्षितिजाला जवळजवळ टेकून पुन्हां वर चढतो आणि डोक्यापाशीं येतो. वर्षाच्या प्रत्येक रात्रीं दिसणारा, व्याधाखालोखाल तेजस्वी असा हा तारा एकोणिसाव्या शतकांतल्या माणसालाहि ‘दक्षिणेचा महान् तारा’ वाटला असता. त्यासाठीं बारा हजार वर्षें मागें जाण्याची गरज नाहीं. आणि ध्रुवाजवळ असणें हीच खूण धरावयाची, तर अग्रनद नांवाचा दुसरा तेजस्वी तारा सुमारें ५,४०० वर्षांपूर्वीं ध्रुवापासून सात-आठ अंशांवर, म्हणजे अगस्त्य कधींहि आला नाहीं इतक्या जवळ, आला होता. अग्रनदाचें तेज अगस्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें असलें तरी तो आकाशांतल्या पहिल्या दहा ताऱ्यांच्या पंक्तींतलाच आहे. परंपरेंतला तारा अग्रनद मानला तर तिचें वय एकदम निम्म्याहून खालीं येतें, आणि त्या वेळीं समुद्र येऊन सहा हजारांवर वर्षें लोटलेलीं असतात. ताऱ्याची ओळख पटवितांना समुद्राचा काळ मनांत असेल, तर तो तारा स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीं. तो पढविलेला साक्षीदार होतो.

महाराष्ट्रांतल्या वाचकाला हा दोष ओळखणें कठीण जाऊं नये. १८९३ सालीं लोकमान्य टिळकांनीं ‘ओरायन’ या ग्रंथांत वसंतसंपात मृगशीर्षांत असल्याच्या वैदिक उल्लेखांवरून वेदकाल इसवी सनापूर्वीं चार हजार वर्षांच्या आसपास नेला. त्याच वर्षीं जर्मनींत याकोबी यांनीं स्वतंत्रपणें जवळजवळ तेंच प्रतिपादन केलें. दोघांचें मत जुळलें. तरीहि व्हिटनी आणि थिबो यांनीं तें मानलें नाहीं, आणि त्यांचा आक्षेप ज्योतिषगणितावर नव्हताच. तो वचनांच्या अर्थावर होता. आकाशाचें गणित कधीं चुकत नाहीं. चुकतो तो आकाशाकडे बोट दाखविणाऱ्या वाक्याचा अर्थ लावणारा. टिळकांच्या हातीं निदान त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेंतले, अक्षर न् अक्षर जपलेले शब्द होते. हामाकर आणि त्यांचे सहकारी यांच्या हातीं दुसऱ्याच्या भाषेंतलें, दुसऱ्यानें केलेलें भाषांतर आहे.

एक गोष्ट जातां जातां. चौदा हजार वर्षांपूर्वींच्या त्या काळांत अगस्त्य महाराष्ट्रांतून दिसतच नव्हता. पुण्याच्या अक्षांशावर आज तो माथ्यावर येतो तेव्हां दक्षिण क्षितिजापासून एकोणीस अंश वर असतो. त्या काळीं तो क्षितिजाखालींच आठ-नऊ अंश राहिला असता. तो उगवला कीं पावसानें गढुळलेलें पाणी निवळतें, हा आपला समज किती जुना असूं शकतो, याची वरची मर्यादा यावरून निघते. खालची मर्यादा मात्र निघत नाहीं, आणि हाच भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आतां मुख्य प्रश्न. बारा हजार वर्षें म्हणजे पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर ४८० पिढ्या. इतक्या हातांतून एक वाक्य न बिघडतां जाईल काय? डेव्हिड हेनिगे या इतिहासकारानें २००९ सालीं लिहिलेल्या एका कठोर निबंधाचें शीर्षकच असें आहे कीं, हे दावे खोडून काढणें अशक्य आणि त्यांवर विश्वास ठेवणेंहि अशक्य. मला ही भूमिका जरा आळसाची वाटते. विश्वास ठेवण्यापूर्वीं जतनाची पद्धत पाहावी. नन आणि भाषाशास्त्रज्ञ निकोलस रीड यांनीं २०१६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एकवीस ठिकाणच्या समुद्र-आक्रमणाच्या कथा एकत्र केल्या, तेव्हां त्यांनीं अशा एका पद्धतीकडे लक्ष वेधलें. खंडावरील कांहीं समाजांत बाप आपल्या प्रदेशाच्या कथा मुलाला शिकवितो. पण मुलाला त्या बरोबर येतात कीं नाहीं, हें तपासण्याचा अधिकार त्याच्या बहिणीच्या मुलांकडे असतो. म्हणजे भाचा मामाची परीक्षा घेतो! एकाच वेळीं तीन पिढ्या एका कथेवर पहारा ठेवतात. आपल्याकडील पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ या युक्त्यांचें ज्याला कौतुक आहे, त्यानें या भाच्यालाहि एक नमस्कार करावा.

तरी दोन्ही पद्धतींत एक मोठें अंतर आहे, आणि तें निबंधकारांच्या लक्षांत आलेलें दिसत नाहीं. घनपाठ ध्वनि जपतो. अर्थ जपण्याची जबाबदारी तो घेत नाहीं. म्हणूनच यास्काच्या काळींच कौत्साला मंत्र निरर्थक आहेत असें म्हणण्याची पाळी आली. शब्द तीन हजार वर्षें अभंग राहिले, अर्थ हातचा निसटला. टास्मानियाच्या कथनांत उलट झालें आहे: मूळ शब्द गेले, अर्थ तेवढा उरला. ध्वनींतला बदल कानाला खटकतो, म्हणून तो रोखतां येतो; अर्थांतला बदल कोणालाच खटकत नाहीं, कारण तो प्रत्येक पिढीला अधिक समंजस वाटतो. अर्थ जपण्याचें काम ध्वनि जपण्याच्या कामाहून कठीण आहे. शिवाय भाच्याची ती पद्धत खंडावरची. बारा हजार वर्षें तुटून राहिलेल्या बेटावरहि ती तशीच होती असें धरणें हें अनुमान झालें, पुरावा नव्हे. या कथनाच्या बाजूनें मात्र एक गोष्ट सांगतां येते: तें इतकें लहान आहे कीं त्यांत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. ‘चालत आलों, समुद्र नंतर झाला.’ यांत क्रम हाच सर्व अर्थ आहे. क्रम उलटला तर कथाच उरत नाहीं.

अशा संशोधनांत आणखी एक दोष शिरतो. जुळणाऱ्या कथा मोजल्या जातात, न जुळणाऱ्या मोजल्या जात नाहींत. आपलीच परशुरामाची कथा घ्या. तींत समुद्र मागें हटतो आणि कोंकण वर येतें. भूगर्भशास्त्र सांगतें कीं हिमयुगाच्या अखेरीनंतर समुद्र पुढें आला. या कथेला कोणी भूगर्भशास्त्राची आठवण म्हणत नाहीं, आणि ती खोटी ठरली म्हणून मौखिक परंपरेच्या खात्यावर वजाहि टाकीत नाहीं. मेलबर्नजवळच्या पोर्ट फिलिप उपसागराची गोष्ट अधिक बोधक आहे. तो उपसागर एके काळीं कोरडा होता, तेथें आम्ही शिकार करीत असूं, अशी तेथील मूळ रहिवाशांची परंपरा. तिचें वय अनेक हजार वर्षें मानलें जात होतें. पण २०११ सालीं होल्डगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपसागराच्या तळाचे नमुने तपासून असें दाखविलें कीं, वाळूनें मुख बुजल्यामुळें तो सुमारें २,८०० ते १,००० वर्षांपूर्वींच्या दरम्यान पुन्हां बराचसा आटला असावा. तसें असेल तर ती आठवण खरी आहे, पण ती एक हजार वर्षांची आहे! कथेची सत्यता आणि कथेचें वय हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हें या उदाहरणाइतकें स्पष्ट दुसऱ्या कशानें होईल असें मला वाटत नाहीं. बासच्या सामुद्रधुनीचें मुख मात्र मध्यंतरीं पुन्हां बुजलें नाहीं. ती एकदां भरली ती भरलीच. म्हणून आठवण खरी असेल तर तिचें वय बारा हजारांहून कमी असूं शकत नाहीं. आणि हा निष्कर्ष ताऱ्याच्या मदतीवांचून उभा राहतो. निबंधकारांनीं आपल्या भक्कम भिंतीला एक डळमळीत टेकू दिला, आणि पाहणाऱ्याची नजर टेकूकडेच जाते.

हा वाद केवळ आंकड्यांचा असता तर मी त्यांत इतका शिरलों नसतों. याच बारा हजार वर्षांच्या आंकड्याचा पूर्वीं एकदां फार निराळा उपयोग करण्यांत आला आहे. राइस जोन्स हे थोर पुराणवस्तुसंशोधक; टास्मानियाच्या उत्खननांत त्यांची कामगिरी मोठी. परंतु १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं असें सुचविलें कीं, इतकीं हजारों वर्षें जगापासून तुटल्यामुळें या लोकांची बुद्धि हळूहळू आवळली गेली. त्यांनीं हाडांचीं हत्यारें सोडलीं, मासे खाणें सोडलें. ते जणूं आधींच विनाशाच्या वाटेवर होते. समुद्राची तारीख अशा रीतीनें एका समाजाच्या मृत्युपत्रावरची तारीख झाली, आणि १८७६ सालीं वारलेली ट्रुगानिनी ही ‘शेवटची टास्मानियन’ होय या प्रचलित समजाला शास्त्राचा शिक्का मिळाला. तिचा सांगाडा होबार्टच्या वस्तुसंग्रहालयांत १९४७ पर्यंत लोकांना दाखविला जात होता. ‘शेवटची’ हा शब्द खोटा होता. तिच्या समाजाचे वंशज, स्वतःला पालवा म्हणविणारे, आज टास्मानियांत राहतात, भाषेचे उरलेले तुकडे जुळवून ती पुन्हां बोलूं लागले आहेत. आणि ज्या निबंधाची आपण चर्चा करीत आहों त्याचे एक लेखक ग्रेग लेहमन हे त्यांच्यांतलेच आहेत.

म्हणून निबंधाच्या पाठीमागची ऊर्मि मला समजते. ज्या आंकड्यानें या लोकांना मतिमंद ठरविलें, त्याच आंकड्यानें त्यांना जगांतले सर्वांत मोठे स्मृतिधर ठरवावें, यांत एक न्याय आहे. पण हा न्याय पुराव्याच्या पायावर बसवावयाचा तर त्यावर पुराव्यापेक्षां अधिक वजन टाकूं नये. उद्यां कोणी ताऱ्याचा मुद्दा खोडून काढला, आणि तो खोडणें कठीण नाहीं, तर वाचकांच्या मनांत ती आठवणहि खोटी ठरेल, आणि जुन्या मताला पुन्हां तोंड फुटेल. पालवांच्या बुद्धीची थोरवी त्यांच्या गोष्टीचें वय पांच हजार निघालें म्हणून कमी होत नाहीं.

निबंधांत नसलेली एक गोष्ट सांगून हें लिखाण थांबवितों. रॉबिन्सननें एकत्र केलेल्या लोकांना १८३३ पासून फ्लिंडर्स बेटावर वायबालेना येथें नेऊन ठेवण्यांत आलें. फ्लिंडर्स बेट म्हणजे बुडालेल्या भूसेतूच्या पूर्व कण्यावरची सर्वांत मोठी टेंकडी. समुद्र आल्यावर तेथेंहि कांहीं माणसें अडकून राहिलीं होतीं. त्यांच्या खुणा सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींपर्यंत सांपडतात, आणि मग सांपडत नाहींत. समुद्र पाहिलेल्या त्या लोकांची कोणतीहि गोष्ट आपल्यापर्यंत आली नाहीं, कारण ती सांगण्यास कोणी उरलें नाहीं. आमचे पूर्वज येथून चालत आले असें म्हणणाऱ्या लोकांना त्याच उंचवट्यावर आणून सोडलें, आणि १८४७ सालीं त्यांना तेथून परत टास्मानियांत आणलें तेव्हां त्यांच्यांतलीं ४७ माणसें जिवंत होतीं.